सातासमुद्रापार निघताना

बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागले की पाच-सहा किलोमीटरवर आमचे हिंडलगा लागते. बाहेरच्या माणसाला हे नाव मध्यवर्ती कारागृहामुळे ठाऊक असते, भाविकांना गणपतीच्या देवळामुळे, तर सीमाभागातील मराठी माणसाला दर वर्षी 1 जूनला हुतात्म्यांना वाहिल्या जाणाऱ्या आदरांजलीमुळे. या गावाला आता आणखी एक ओळख लाभू लागली आहे. आमच्या आळीत संध्याकाळी ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात दुबई, मस्कत, न्यू जर्सी, सिडनी ही नावे खानापूर-निपाणीइतक्या सहजतेने येऊ लागली आहेत. कुणाचा मुलगा तिकडे, कुणाची लेक तिकडे. मग बाळंतपणाच्या, नातवाच्या मुंजीच्या किंवा नुसत्या भेटीच्या निमित्ताने साठी-सत्तरीतील आईवडील आयुष्यात प्रथमच विमानात पाय ठेवतात. त्यांच्यासाठी आणि त्यांची तयारी करून देणाऱ्या घरच्यांसाठी, अनुभवाने शिकलेल्या चार गोष्टी येथे सांगाव्यात, असे योजिले आहे.

तसे पाहता परदेश आपल्या मुलखाला अगदीच नवा नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात आहे. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढल्या आणि 1915-16 च्या कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. दुसऱ्या महायुद्धात याच रेजिमेंटच्या नाईक यशवंत घाडगे यांना 1944 साली आणि शिपाई नामदेव जाधव यांना 1945 साली इटलीतील पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांना तो मरणोत्तर लाभला. खेड्यापाड्यांतील मराठी माणसाने समुद्र ओलांडला तो असा पलटणीच्या हुकुमावर. पारपत्र, व्हिसा, सामानाचे वजन या चिंता त्याच्या वाट्याला आल्या नाहीत. ज्या आल्या त्या फार मोठ्या होत्या.

दुसरी आठवण स्वामी विवेकानंदांची. ऑक्टोबर 1892 मध्ये स्वामीजी बेळगावात काही दिवस राहिले होते. पुढे 31 मे 1893 रोजी ते मुंबईहून बोटीने अमेरिकेस निघाले. जुलैअखेर शिकागोस पोहोचल्यावर त्यांना कळले, की सर्वधर्मपरिषद सप्टेंबरात भरावयाची आहे, प्रतिनिधी म्हणून बसावयाचे तर रीतसर ओळखपत्र हवे, आणि नाव नोंदविण्याची मुदत तर उलटून गेली आहे. जवळचे पैसे झपाट्याने संपत होते आणि पुरेसे गरम कपडेही नव्हते. हार्वर्डचे प्राध्यापक जॉन हेन्री राइट यांनी परिचयपत्र दिले तेव्हा वाट मोकळी झाली. पुन्हा शिकागोस आल्यावर परिषदेच्या कार्यालयाचा पत्ताच हरवला आणि ती रात्र स्वामीजींनी रेल्वेच्या आवारात काढली, असे चरित्रकार सांगतात. तारीख, कागद, पैसा, कपडे आणि पत्ता या पाच गोष्टींनी एवढ्या मोठ्या पुरुषालाही जेरीस आणले. मग आपली काय कथा! आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही परदेशी जाणाऱ्याचे अडते ते बहुधा याच पाच ठिकाणी.

नावाचा घोळ

त्यांतही पहिला मान कागदाचा. ही गोष्ट आमच्या घरातच घडली. 2019 साली माझ्या थोरल्या बहिणीची, आमच्या आक्काची, लेक अमेरिकेत गरोदर होती. पहिलेच बाळंतपण, तिकडे दुसरे कुणी नाही. आक्काचे वय अडुसष्ट. डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, बाळंतकाढा, शेक-शेगडीचे काय करावयाचे, या सगळ्याची तिने मनात जुळणी केली होती. फक्त पारपत्र काढावयाचे तेवढे राहिले होते.

अर्ज भरावयास बसलो तेव्हा ध्यानात आले, की आमच्या आक्काला तीन नावे आहेत. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले दुसरे. आणि शिधापत्रिकेवर, कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे, कन्नडमध्ये लिहिलेले तिसरे. ते रोमन लिपीत उतरताना आणखी बदललेले. जन्मतारखाही दोन: एक शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेली, दुसरी मतदार ओळखपत्रावरची. आक्का त्रासून म्हणाली, "एवढं सगळं कागद कशाला लागतंय? मी म्हणजे मीच की!"

तिचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु कागदाला माणूस ओळखता येत नाही, कागदाला कागदच ओळखता येतो. विवाहनोंदणीचा दाखला चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी मिळवावयाचा होता, प्रतिज्ञापत्र करावयाचे होते, वर्तमानपत्रांतून जाहीर निवेदन द्यावयाचे होते. त्या धावपळीत अडीच महिने गेले. नंतर व्हिसाच्या मुलाखतीची तारीख. आक्का मुंबईहून विमानात बसली तेव्हा नात तीन आठवड्यांची झाली होती. लेकीला पहिल्या कळा आल्या तेव्हा आई हिंडलग्यात ओट्यावर बसून दूरध्वनीची वाट पाहत होती. या विलंबाचा दोष कोणत्याही कार्यालयाला देता येत नाही. तो दोष इतकी वर्षे कपाटातील कागद एकमेकांशी न ताडणाऱ्या आम्हा घरच्यांचा.

आपल्या सीमाभागात हा घोळ अंमळ अधिक आहे, त्याची कारणेही समजून घ्यावीत. पहिले कारण लिपीचे. मराठी नाव कन्नडमध्ये जाते, कन्नडमधून रोमनमध्ये येते, आणि प्रत्येक उंबरठ्यावर त्याचा एखादा काना, एखादे अक्षर गळते किंवा वाढते. 'ज्ञ' या एकाच अक्षराचे उदाहरण घ्या. आपण मराठी माणसे त्याचा उच्चार 'द्न्य' असा करतो, म्हणून 'ज्ञानेश्वर' रोमन लिपीत 'डी'पासून लिहितो. कन्नड वळणाने तेच नाव 'जे' किंवा 'जी'पासून सुरू होते. संगणकाच्या दृष्टीने ही माणसे दोन! 'गणपती'चे 'गणपत', 'परशुराम'चे 'परशराम' हे तर आपल्या तोंडीच होत असते. दुसरे कारण गावाचे. 1 नोव्हेंबर 2014 पासून शासकीय कागदांवर 'बेळगाव'चे 'बेळगावी' झाले. जुन्या दाखल्यावर एक स्पेलिंग, नव्यावर दुसरे. जन्मस्थान लिहिताना आपल्या जन्मदाखल्यावर काय आहे ते पाहूनच लिहावे. तिसरे कारण आपल्या नावाच्या घडणीचे. स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि शेवटी आडनाव, ही आपली रीत. कर्नाटकात अनेकजण गावाचे व वडिलांचे आद्याक्षर पुढे लावतात आणि आडनाव लावीतच नाहीत. परदेशात मात्र सर्वत्र दोनच रकाने: दिलेले नाव आणि कुलनाम. वडिलांचे नाव एका कागदावर पहिल्या रकान्यात आणि दुसऱ्यावर गाळलेले असले, की शंका उपस्थित होते. कुलनामाचा रकाना कोराच ठेवला तर काय होते, याचे उदाहरण संयुक्त अरब अमिरातीने घालून दिले. नोव्हेंबर 2022 मध्ये त्या देशाने जाहीर केले, की पारपत्रावर एकच नाव असलेल्या प्रवाशाला भेटीच्या व्हिसावर प्रवेश मिळणार नाही.

तेव्हा वाचकहो, परदेशी जाण्याचा बेत असो वा नसो, एका रविवारी घरातील सर्वांचे दाखले जमिनीवर मांडावेत. जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधारपत्र, पॅन, विवाहनोंदणी या सर्वांवरील नाव अक्षरशः एक आहे का, हे पाहावे. नसल्यास घाई नसतानाच दुरुस्त करून घ्यावे. पूर्वी पारपत्रासाठी बेंगळूरच्या खेपा घालाव्या लागत. आता हुबळी-बेळगावातच काम होते, त्यामुळे अंतराची सबब उरलेली नाही. पारपत्र हाती असले तरी त्याची मुदत पाहावी. अनेक देश प्रवेशाच्या दिवसापासून निदान सहा महिने मुदत शिल्लक असल्याशिवाय आत घेत नाहीत. आणि विमानाचे तिकीट काढताना पारपत्रावर जसे नाव आहे तसेच, त्याच क्रमाने, घालावे.

शिदोरीत काय असावे, काय नसावे

आपल्याकडे प्रवास म्हटला की शिदोरी आली. लेकरू परदेशी, म्हणजे बेळगावचा कुंदा, मांडे, लोणचे, मसाला, मेतकूट असे सगळे डबे निघतात. या प्रेमाला सीमेवर कात्री लागते, ती कोठे व का, हे ठाऊक असलेले बरे.

कुंदा खव्याचा. युरोपीय संघ व ब्रिटन येथे आपल्याकडील दुग्धजन्य पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथेही त्यांवर कडक निर्बंध आहेत. कारण ऐकले तर शेतकरी वाचकास ते पटकन पटेल: आपल्या गोठ्यांतून येणारा लाळ्या-खुरकत हा रोग. त्या देशांनी तो मोठ्या खर्चाने हद्दपार केला आहे आणि दुधा-मांसातून तो पुन्हा शिरू नये ही त्यांची धडपड आहे. कढीपत्त्याची कथाही तशीच. कढीपत्त्याच्या झाडावर एक बारीक कीड वाढते. ती लिंबू-संत्र्यांच्या बागा सुकविणारा रोग पसरविते. म्हणून ताजा कढीपत्ता अमेरिकेत नेण्यास मनाई आहे. आपणास जी पाच पैशांची डहाळी वाटते, ती तिकडच्या बागाईतदारास हजारो एकरांची धास्ती वाटते.

खसखशीची बाब अधिक गंभीर. खसखस हे अफूच्या बोंडातील बी. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, सिंगापूर या देशांत ते अमली पदार्थांच्या कायद्यात येते. दिवाळीला मुलाकडे दुबईस निघालेल्या माउलीने प्रेमाने अनारशांवर खसखस थापावी आणि तिला विमानतळावर जाब द्यावा लागावा, ही कल्पनाही करवत नाही. अनारसे, घरचा मसाला, खिरीची तयार पूड यांत खसखस नाही ना, याची खात्री करूनच डबा भरावा. निपाणीकडील मंडळींना आणखी एक सूचना: सिंगापुरात खाण्याचा तंबाखू आणि तपकीर यांवर बंदी आहे. कमरेची चंची घरीच ठेवावी.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानकंपन्यांना नकोशा असतात, हे वाचून नवल वाटेल. खोबऱ्यात तेल फार. गच्च भरलेल्या ठिकाणी ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून जागतिक नियमांत खोबऱ्याची गणना ज्वालाग्राही मालात केली आहे. तूप, लोणचे, काकवी हे हातातल्या सामानात घेऊ नये. तेथे प्रवाही वस्तूंना सामान्यतः प्रत्येकी 100 मिलिलिटरची मर्यादा असते. उलट भ्रमणध्वनी भारित करण्याची सुटी बॅटरी मात्र हातातल्याच सामानात हवी, खाली द्यावयाच्या पेटीत नव्हे. तिला आग लागली तर ती माणसांच्या डोळ्यांसमोर लागावी, हा त्यातील हेतू.

औषधांचे म्हणाल तर गोळ्या मूळ वेष्टनातच ठेवाव्यात आणि डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासह बरोबर असावी. आपल्याकडे खोकल्यासाठी सर्रास घेतले जाणारे कोडीनयुक्त औषध आखाती देशांत व जपानात पूर्वपरवानगीशिवाय अडचणीत आणू शकते.

या सर्वांवर एकच सोनेरी नियम: विचारतील तेव्हा खरे सांगावे. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपविलेल्या वस्तूबद्दल दंड होतो. आक्काने न्यूअर्कच्या विमानतळावर डबे उघडून दाखविले. लाडू गेले नाहीत, मेतकूट गेले नाही. एक पुडी तेवढी टोपलीत पडली, ती तिच्या अंगणातील कढीपत्त्याची.

अंगावरच्या दागिन्यांविषयी भगिनींना सांगणे असे, की पाटल्या-बांगड्या-मंगळसूत्र बरेच तोळ्यांचे असल्यास जातानाच आपल्या विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून त्यांची नोंद करून दाखला घ्यावा. परत येताना 'हे कोठून आणले' या प्रश्नाला तो दाखला उत्तर देतो.

तिकडच्या रीतीभाती

बेळगावच्या सांबऱ्याचा विमानतळ 1942 सालचा, इंग्रजांच्या हवाई दलाने बांधलेला. परंतु तेथून विमाने देशांतर्गतच सुटतात. परदेशासाठी मुंबई, बेंगळूर किंवा गोवा गाठावे लागते. जानेवारी 2023 पासून मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ चालू झाल्याने चोर्ला घाट उतरून किंवा आंबोली-सावंतवाडीमार्गे ती एक सोय झाली आहे. पावसाळ्यात घाटाचा भरवसा धरू नये. दोन-तीन तास हाताशी ठेवून निघावे.

विमानातील जेवण आधी सांगून ठेवता येते. शाकाहारी मंडळींनी येथे एका शब्दास फसू नये. 'हिंदू मील' असे जे असते ते शाकाहारी नव्हे! त्यात गोमांस नसते एवढेच. कोंबडी, मासे, अंडी असू शकतात. आपण 'एशियन व्हेजिटेरियन' किंवा 'जैन' जेवण मागावे.

अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी येतो. आपल्या 6 डिसेंबरची तेथे 12 जून होते, हे अर्ज भरताना आणि औषधाची मुदत वाचताना विसरू नये. तेथे जमिनीलगतचा मजला हाच पहिला मजला. विजेचा दाब आपल्याकडे 230 व्होल्ट, अमेरिकेत 120, जपानात 100. म्हणून येथून नेलेला मिक्सर तेथे कुथतो आणि चटणी काही वाटली जात नाही. दुबईला तो चालतो, फक्त पिनांचा आकार बदलावा लागतो. दुबईचे घड्याळ आपल्यामागे दीड तास असते. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास, तर उन्हाळ्यात साडेचार तास मागे. कारण ती मंडळी वर्षातून दोनदा घड्याळेच सरकवितात. अमिरातीत पूर्वी सुटी शुक्रवार-शनिवारी असे. 1 जानेवारी 2022 पासून ती शनिवार-रविवार झाली व शुक्रवारी अर्धा दिवस काम असते.

काही रीती आपल्याला परक्या वाटत नाहीत. जपानात घरात शिरताना पादत्राणे बाहेर काढतात, हे ऐकून आमच्या आळीतील आजींना त्या देशाविषयी आदर वाटू लागला. थायलंडात दुसऱ्याच्या डोक्यास हात लावणे व देवापुढे पाय पसरणे असभ्य मानतात. अमेरिकेत भोजनगृहात वाढप्यास बक्षिसी न दिल्यास तो अपमान समजला जातो, तर जपानात ती दिल्यास घेणारा संकोचतो. संकटकाळी अमेरिकेत 911, युरोपात 112, ब्रिटनमध्ये 999 हे आकडे फिरवावेत. आणि मुलाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक यंत्रात साठवून न थांबता एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पिशवीत ठेवावा. यंत्राची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

पोटासाठी जाणाऱ्यांस

भेटीला जाणाऱ्यांचे हे झाले. परंतु आपल्या भागातून आखातात मजुरीस, वाहनचालकाच्या किंवा स्वयंपाक्याच्या कामास जाणारे तरुणही आहेत. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पारपत्रावर 'ई. सी. आर.' असा शेरा असतो. त्याचा अर्थ असा, की ठरावीक अठरा देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावयाची. 1983 साली केलेल्या उत्प्रवास कायद्यातील ही तरतूद अनेकांना जाच वाटते. प्रत्यक्षात ती कमी शिकलेल्या माणसाची ढाल आहे. 'भेटीच्या व्हिसावर चल, तिकडे गेल्यावर कामाचे पाहू' असे सांगणारा दलाल ही ढालच काढून घेत असतो. दलाल नोंदणीकृत आहे का, करारातील पगार व काम कोणते, हे समजून घेतल्याशिवाय आणि कराराची एक प्रत घरी ठेवल्याशिवाय जमिनीचा तुकडा गहाण टाकू नये. आणि तेथे पोहोचल्यावर आपले पारपत्र आपले आहे, याची जाणीव ठेवावी.

शेवटी आक्काची गोष्ट पुरी करतो. बाराव्या दिवशी बारसे करावयाचे, ते लेकीने आई येईपर्यंत थांबविले होते. पण अमेरिकेत जन्मदाखल्यासाठी बाळाचे नाव बहुधा इस्पितळातून घरी जाण्यापूर्वीच लिहून द्यावे लागते. निवडलेल्या नावात नेमका 'ज्ञ' होता. जावई म्हणत 'जे' घालू, लेक म्हणे 'डी'. रात्री हिंडलग्यात दूरध्वनी वाजला. तीन नावांपायी अडीच महिने हेलपाटे घातलेली आक्का क्षणभर थांबली आणि म्हणाली, "काय लिहायचं ते तुम्ही दोघं ठरवा. पण एकदाच ठरवा, आणि जन्मभर सगळीकडे तेच लिहा."

पुढे सव्वा महिन्याच्या नातीला पाळण्यात घालून आक्काने तिच्या कानात तेच नाव सांगितले. कागदावर ते आधीच पक्के झाले होते.